हाक का मारली नाहीत, पप्पा?

"एकदम शांतिथी गया, हं. कोईने हेरान नथी कर्या."

लिफ्टपाशी उभी असलेली पाचव्या मजल्यावरची बाई दुसरीला सांगत होती. दुसरी म्हणाली, "भाग्यशाळी कहेवाय." मी जिन्याच्या दाराआड होते. हातात समोरच्या जागृतीआंटींचा डबा होता, धुऊन पुसलेला. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी आपल्याकडे गॅस पेटणार नाही म्हणून त्यांनी खिचडी-कढी पाठवली होती. लिफ्ट आली, दार बंद होत असल्याचं तिनं नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, आणि त्या दोघी खाली गेल्या.

कुणालाही हैराण न करता गेले. पप्पा, ह्या सोसायटीत तुमच्याबद्दल बोललं गेलेलं हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे. आपण इथं राहायला आल्यापासून तुमचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. त्यासाठी तुम्हाला मरावं लागलं.

मनात आलं, हा डबा जिन्यावरून सोडून द्यावा. स्टीलचा डबा आहे, झाकण वेगळं, आतली वाटी वेगळी. तीन मजले ठणठणत खाली गेला असता. सगळी दारं उघडली असती, आणि बंद दारांबाहेरच्या ज्या चपलांवरून मी शेजाऱ्यांना ओळखते त्या चपलांची माणसं एकदाची बाहेर आली असती. मी काय केलं? डबा दोन्ही हातांनी नीट धरला आणि बेल न वाजवता आंटींच्या दाराशी ठेवून आले. दुपारची वेळ होती. दुपारी इथं बेल वाजवायची नसते.

म्हणून हे लिहितेय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. चांगलंही लिहीन, पण आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपली भांडणं तशीही कधी पूर्ण झाली नाहीत. तुम्ही ती संपवायचात तोंड फिरवून. तुमचं सगळं ऐकणं डोळ्यांनी. तुम्ही बघितलं नाही म्हणजे मी बोललेच नाही, इतकी सोपी युक्ती. आता तोंड फिरवता येणार नाही.

आधी आपण डिंडोलीला राहायचो, तिथल्या गल्लीत तुमचा आवाज घराच्या आधी पोचायचा. कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी तुम्ही बोलायला लागलात की आई पोळीची कणीक पुढे ओढायची. आठवड्याच्या बाजारात आई हरवली तर तुम्ही जागचे हलायचा नाहीत. तिथूनच एक हाक, आणि आई दोन रांगा पलीकडून लाजत-चिडत यायची. "अख्ख्या बाजारले माझं नाव सांगून टाकलं ह्यांनी." माझ्या मैत्रिणींना वाटायचं तुम्ही रागावलेले आहात. मी सांगायची, नाही गं, ते 'पाणी दे' म्हणताहेत.

तो आवाज तुम्ही लूमवर कमावला होता, आणि कान तिथंच गमावले होते. शिरपूरकडच्या गावातून आलेला, मिसरूड न फुटलेला पोरगा कतारगामच्या कापड विणायच्या कारखान्यात उभा राहिला तेव्हा त्याला पहिल्या दिवशी वाटलं होतं, इथली सगळी माणसं मुकी आहेत. हे तुम्हीच सांगायचात आणि स्वतःच हसायचात. साठ मशिनींच्या खटाखटीत बोलून उपयोग नसतो. कारागीर ओठ हलवतात, समोरचा ते वाचतो. धागा तुटला, बॉबिन संपली, चहा आला, शेठ चिडलाय, सगळं ओठांवर. आवाज फक्त एका गोष्टीसाठी राखून ठेवायचा असतो. कुणाचा हात मशिनीत अडकला, तर. तेव्हा पोटातून हाक मारायची, सगळ्या मशिनींच्या वरून जाईल अशी, म्हणजे कुणीतरी धावत जाऊन स्विच पाडतो. तुमची हाक सगळ्यात लांब जायची. आत्या सांगते, त्या हाकेमुळं दोन माणसांचे हात आजही जागेवर आहेत.

पप्पा, हे मला आत्ताच लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. ज्या माणसाची हाक साठ मशिनींच्या वरून जायची, त्यानं स्वतःसाठी एक हाक मारली नाही. वर तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत त्याची बायको वाळलेले कपडे काढत होती. खाली बाकावर तो मरत होता. मध्ये दुसरा कसलाही आवाज नव्हता. त्याच आवाज नसलेल्या जागेसाठी आपण डिंडोली सोडली होती.

सोडायचं तुम्ही ठरवलंत. लूम सोडून तुम्ही उधन्याला लूमच्या सुट्या भागांचं दुकान टाकलंत, ते चाललं, आणि एका दिवाळीत तुम्ही जाहीर केलंत की आपण तापीपलीकडे जाणार. गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटलात, "मन्ही पोरले अभ्यासले शांतता पाहिजे." पोरीला विचारलं होतंत? पोरीचा अभ्यास लूमच्या आवाजात, शेजारच्या लग्नाच्या बँडमध्ये, आत्याच्या आणि दूधवाल्याच्या भांडणात झाला होता आणि नीट झाला होता. मी तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मला इथली शांतता आवडली. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना कापून सारखी केलेली झाडं, सकाळी पाण्यानं धुतलेल्या गाड्या, रविवारी नाश्त्याचा लोचो आणायला निघालेली एखादी स्कूटर, एवढंच. कुणी काही विचारत नाही, कुणी घरात डोकावत नाही. माझ्यासारख्या मुलीला ही जागा बरी आहे. शाळेत बाई नाव विचारायच्या तेव्हाही माझा आवाज बाहेर यायला वेळ लागायचा. घरात तर गरजच नव्हती. तुमच्याशी बोलायला मला आवाज कधी लागलाच नाही. जेवणाच्या टेबलाच्या ह्या टोकाहून मी नुसते ओठ हलवायची, आणि तुम्ही त्या टोकाहून गडगडाटी उत्तर द्यायचात. आई म्हणायची, "ही काय बोलली ते मला पण सांगा की." जगात एकच माणूस होता ज्यानं मला कधी 'काय? काय म्हणालीस?' असं विचारून पुन्हा सांगायला लावलं नाही, आणि तोच बहिरा होता.

पण शांतता मला शोभत होती, तुम्हाला नाही. मी तशीच जन्मले. तुम्हाला गप्प करण्यात आलं.

ते कुणी ओरडून केलं नाही, ह्याचाच मला जास्त राग येतो. ओरडले असते तर तुम्ही ओरडला असता, आणि तुम्ही जिंकला असता. सेक्रेटरी किरीटभाई हात जोडून आले. हातात मिठाईचा पुडा, नातू झाल्याचा. बसले, पाणी प्यायले, आणि निघताना हसत म्हणाले, "काका, फोननो जमानो छे. गाम सुधी बूम पाडवानी जरूर नथी." फोन असताना गावापर्यंत ओरडायची गरज नाही. त्यांच्याबरोबर आलेले दोघं हसले. तुम्ही ओठ वाचलेत आणि तुम्हीही हसलात, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. मग ते तिघं एकमेकांकडे बघून पुन्हा हसले. मी चहाचे कप उचलत होते. कपबशी आपटायची सुद्धा हिंमत झाली नाही मला.

मग तुम्ही कानाचं मशीन आणलंत. पहिल्या दिवशी ते लावून घरभर फिरलात, फ्रिजपाशी थांबलात, म्हणालात, "हा कधीपासून कण्हतोय?" बाल्कनीत गेलात आणि दचकून परत आलात. "कबुतरं एवढं बोलतात? दिवसभर? आणि त्यांना नाही कुणी सांगत, जरा धीमे?" आई आणि मी पोट धरून हसलो. आठवड्याभरात ते मशीन देवघराच्या खणात गेलं. तुम्ही म्हणालात, त्यात माणसांचा आवाज पत्र्यातून आल्यासारखा येतो, ओठ बरे.

आणि ओठांनी तुम्ही काय काय ऐकलंत! ह्या सोसायटीत सगळे इतक्या हळू बोलतात की शेजारच्या बाकावरच्यालाही कळू नये, आणि तिसऱ्या मजल्यावर एक बहिरा माणूस खुर्ची टाकून बसलेला. संध्याकाळी बागेत चालणाऱ्या बायकांचं तुम्ही मला जसंच्या तसं सांगायचात, आवाज बदलून. "ही निळी म्हणते, सुनेनं आज पण भाकरी जाड केली. ती जाडी म्हणते, तुझी करते तरी. माझी नुसता भाकरीचा व्हिडिओ काढते." मी तोंडावर ओढणी धरून हसायची. तुम्हाला आनंद व्हायचा की पोरीला हसताना बघायला मिळालं. मला त्या संध्याकाळी दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आठवतात. तुम्ही मला एवढं दिलंत की त्यावर मी पुढची बरीच वर्षं काढीन. हेही लिहायचं होतं.

पण मग ती संध्याकाळ आली. किरीटभाई आणि पाचव्या मजल्यावरचे शाह बाकापाशी उभे होते. शाहांनी मान वर करून आपल्या बाल्कनीकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाले. तुम्ही नेहमीप्रमाणे सुरू केलंत, "तो लांबोडका म्हणतोय..." आणि थांबलात. मी विचारलं, काय म्हणतोय? तुम्ही म्हणालात, "उजेड कमी आहे. दिसत नाही."

उजेड भरपूर होता, पप्पा. मला बाकावरची सोलपटलेली रंगाची पापुद्री दिसत होती.

काय म्हणाला तो? मी तुम्हाला किती वेळा विचारलं. तुम्ही कधी चहा मागायचात, कधी चष्मा शोधायला लागायचात. आता ते शब्द तुमच्याबरोबर गेले. शाह तर विसरूनही गेले असतील. कदाचित एवढंच म्हणाले असतील, की लूमवाले लूमवालेच राहायचे. किंवा त्याहून वाईट. मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही ह्याची मला चीड येते, कारण त्या वाक्यानंतर तुम्ही बदललात.

आधी फोनवर बोलायला पार्किंगमध्ये जाऊ लागलात. मग फोन कमी झाले. मग घरातसुद्धा प्रत्येक वाक्यानंतर आईकडे बघून विचारायला लागलात, "आत्ता मी जोरात बोललो का?" ह्या एका प्रश्नासाठी मी ह्या सोसायटीला माफ करणार नाही. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाला कुणी हळू बोलायला सांगितलं, तर तो काय करील? तो अंदाजानं कमी करत जाईल. आणखी कमी. शेवटी तो नुसते ओठ हलवील. जेवताना तुम्ही नुसते ओठ हलवायला लागलात तेव्हा आईला वाटलं तुम्ही तिच्यावर रुसलात. तिला तर ओठ वाचता येत नाहीत.

आत्या एकदा डिंडोलीहून आली. तुमच्यापेक्षा लहान बहीण, पण तुमच्यावर हुकूम चालवायची. सोफ्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "भाऊ, तू काय दवाखानामा बठेल शे का? असा काय बोलस?" तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "तुनाच कान गयात वं." ती इतकी हसली की मी धावत जाऊन बाल्कनीचं काचेचं दार ओढून घेतलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान हलवलीत, शाबास म्हटल्यासारखी. त्या मान हलवण्याचा मला राग आहे. शाबासकी द्यायची गोष्ट नव्हती ती. तुम्ही तेव्हा उठून दार उघडायला हवं होतंत.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी इच्छापोरला ऑफिसात होते. जागृतीआंटींचा फोन आला. त्या इतक्या हळू बोलत होत्या की मला दोनदा विचारावं लागलं. "बेटा, घेर आवी जा." कॅबमध्ये मी सगळा वेळ एकच विचार करत होते, की काही भयंकर असतं तर त्या मोठ्यानं बोलल्या असत्या.

वॉचमन भैया गेटवरच रडत होता. त्यानं सांगितलं, जेवण करून तुम्ही खाली आलात, बाकावर बसलात. थोड्या वेळानं तुम्ही त्याच्याकडे बघून हात वर केलात. "हम समझे अंकलजी राम-राम कर रहे हैं, दीदी. हमने भी हाथ उठा दिया." मग तुम्ही हात खाली घेतलात आणि मान छातीवर टेकली. त्याला वाटलं झोप लागली. इथं दुपारी सगळे झोपतात. त्याच्यावर माझा राग नाही. हात वर केलेल्या माणसाला त्यानं उलट हात केला. इथं एवढंही दुसरं कोण करतं?

राग तुमच्यावर आहे. हात कशाला वर केलात? हात मुक्या माणसानं वर करायचा. तुम्ही हाक का मारली नाहीत? डॉक्टर म्हणाले, अशा वेळी छातीत एवढी कळ येते की आवाज निघत नाही. असेल. मी त्यांच्यापुढे मान डोलावली. पण मी तुमची मुलगी आहे आणि मला जे वाटतं ते मला कुणी पटवून घालवू शकत नाही. तुम्ही आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं असणार. दोन ते चार. गेटवर हिरव्या पाटीवर लिहिलेलं आहे, शांतता राखा. तुम्ही विचार केला असणार की थोडं थांबून बघू, कमी होईल. कुणाचा तरी हात मशिनीत अडकला होता, पप्पा. तुमचाच होता. ह्याचसाठी तर आवाज राखून ठेवलेला असतो!

अँब्युलन्स आली ती भोंगा बंद करून. गेटवर कुणीतरी ड्रायव्हरला तशी सूचना दिली होती. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, एकाखाली एक, आणि त्यांच्या लगेच खाली कुणाची तरी पांढरी गाडी दुसऱ्याच्या जागेत लागल्याची तक्रार. मग पुन्हा हात जोडलेली चित्रं.

आई तोंडात पदराचा बोळा घालून रडत होती. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. जागृतीआंटी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या होत्या, "धीमे, बेन, धीमे. बाजुमां बारमावाळो छोकरो छे." शेजारचा मुलगा बारावीला आहे, त्याची परीक्षा आहे. त्या हे इतक्या मायेनं म्हणाल्या की रागावताही येईना. दोन्ही वेळचं जेवण त्याच पाठवत होत्या, आईचे पायही त्यांनीच चेपले. त्यांच्यासारखी माणसं आहेत म्हणून तर इथं कुणाशी भांडता येत नाही. तुम्हाला तापीकाठी नेलं, पुरुषमाणसं परत आली, आंघोळी झाल्या, आणि घर पुन्हा आधीसारखं गप्प झालं. आई पलंगाच्या कडेला बसली ती बसलीच. डोळे कोरडे, हात मांडीवर. बोलत नव्हती, झोपत नव्हती. मी तिच्या शेजारी बसून राहिले. लिफ्टपाशी ऐकलेलं ते वाक्य आठवलं, आणि मला वाटायला लागलं, हीपण आता कुणाला हैराण न करता जाईल.

मग डिंडोलीच्या बायका आल्या.

आपल्यात माणूस गेलं की बायका दारावर येतात. नुसत्या येऊन बसत नाहीत. गेलेल्याचं दार दिसलं की तिथूनच हेल काढायला लागतात, आणि त्या रडण्यात शब्द असतात, तो कोण होता, काय खायचा, कुणाला रागवायचा, सगळं. घरच्या बाईनं ते ऐकून बाहेर यायचं, त्यांच्या गळ्यात पडायचं आणि तसंच उत्तर द्यायचं. तोवर तिचं रडणं सुरू झालं असं कुणी मानत नाही. मी लहानपणी ह्या प्रकाराला घाबरायची. शाळेतल्या मुलींना कधी सांगितलं नाही.

त्या आल्या भर दुपारी, टेम्पोत दाटीवाटीनं उभ्या राहून. त्यांना कोण सांगणार की इथं दोन ते चार रडत नाहीत? त्यांना आपलं दार कुठलं ते नीट ठाऊक नव्हतं. गेट दिसलं, तेच दार समजून आत्यानं तिथूनच सुरू केलं.

"मना भाऊ कथा गया रे... मना मोठा आवाजना भाऊ..."

तीन मजले चढून तो आवाज बंद काचेतून आत आला. आईनं मान वर केली. पदर सोडला. इतक्या वेळात पहिल्यांदा ती उभी राहिली, आणि भिंतीला धरून दाराकडे निघाली. "आली," ती म्हणाली. "माझी नणंद आली." मी चप्पल न घालता जिन्यावरून खाली धावले. पार्किंगपर्यंत पोचते तोवर हेल थांबला होता.

गेट बंद होतं. वॉचमन भैया त्याला पाठ लावून उभा होता आणि त्याची नजर जमिनीवर होती. आत किरीटभाई, पांढऱ्या कुर्त्यात, चेहरा खरोखर दुःखी. बाहेर टेम्पो, आणि टेम्पोतून उतरलेल्या आठ-दहा बायका, डोक्यावर पदर, अर्ध्यावर थांबवलेल्या. आत्यानं गेटच्या दोन सळया हातात धरल्या होत्या. वरच्या गॅलऱ्यांत पडदे हलत होते. बाहेर कुणी येत नव्हतं.

मला बघून किरीटभाईंचा जीव भांड्यात पडला. "आव, बेटा, आव. तुं तो भणेली छे. आ बधांने समजाव ने." तू शिकलेली आहेस, ह्या सगळ्यांना समजाव. त्यांनी सगळी व्यवस्था केली होती, ते सांगत होते. पाच वाजता क्लबहाऊसमध्ये बेसणं ठेवलंय. पांढऱ्या चादरी, तुमचा फोटो, हार, हळू आवाजात भजन. सगळे येतील, दोन मिनिटं बसतील, हात जोडतील. ह्या बहिणींनीही तिथंच बसावं, शांतपणे. "तमारा पप्पा पण केटला शांत माणस हता," ते म्हणाले. तुमचे पप्पा पण किती शांत माणूस होते.

"काय म्हणस हाऊ?" आत्यानं मला विचारलं. तिचे गाल ओले होते आणि आवाज आधीच चिरला होता. "आमले चहापाणी नको, त्याले सांग. फक्त दार दाखाड."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्याले पाणी पाजा वं कोणी, घाम फुटी राहिना." दोघी-तिघी पदराआड हसल्या आणि लगेच पुन्हा गंभीर झाल्या. पप्पा, तुम्ही असता तर ह्यावर मोठ्यानं हसला असता. आधीचे तुम्ही.

मी मागं वळून बघितलं. लिफ्टचं दार उघडलं होतं आणि त्यात आई उभी होती, एक हात दाराच्या कडेला, बाहेर यावं की नाही ते कळायची वाट बघत. मला कळत होतं की मी आत्ता 'बरं अंकल' म्हणाले तर काय होईल. आत्या गप्प होईल, माझ्यासाठी होईल, पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं म्हणून. पाच वाजता सगळे पांढऱ्या चादरीवर बसतील. आई तिथंही हात मांडीवर ठेवून बसेल. मग आईपुढचं ते लिफ्टचं दार नेहमीच्या गोड आवाजात बंद होईल आणि पुन्हा उघडणार नाही. हे माझ्या एका शब्दावर होतं. तुमच्यासाठी मोठ्यानं रडणारं माणूस गेटबाहेर उभं होतं, त्याला उत्तर देणारं लिफ्टमध्ये, आणि मध्ये मी.

किरीटभाईंनी घड्याळात बघितलं. वाईट हेतूनं नाही. सवयीनं. "ने आ," त्यांनी हातानं बाहेरच्या बायका दाखवल्या, "आ बधुं केटली वार चालशे, बेटा?"

हे सगळं किती वेळ चालेल?

मी उत्तर दिलं. पण आवाज नेहमीसारखाच घशात राहिला.

"हें?" किरीटभाई कान पुढे करून वाकले. "संभळातुं नथी. जरा मोटेथी बोल ने, बेटा."

ते मला मोठ्यानं बोलायला सांगत होते.

मग मी बोलले. मराठीत, ह्या गेटपाशी पहिल्यांदाच, आणि इतक्या मोठ्यानं की वरचे पडदे हलायचे थांबले.

"किती वेळ ते मला माहीत नाही, अंकल. माझे पप्पा पहिल्यांदाच मेलेत. भैया, गेट उघडा. आत्या, तू रड."